भजनी मंडळाची पेटी घेताना

श्रावण तोंडावर आला की आमच्या भजनी मंडळाची एकच धांदल उडते. टाळ घरोघरचे, ढोलकी शेजारची, पण पेटी? ती दरवेळी पुरुषांच्या मंडळाकडून मागून आणायची. सकाळी न्यायची आणि दिवेलागणीच्या आत परत करायची, अशी अट. एका शुक्रवारी ती मिळालीच नाही. त्यांचाही कार्यक्रम होता. पेटी त्यांची, त्यांना दोष कसा द्यायचा? पण त्या दिवशी दोन अभंग होईतो सोळाजणी सोळा सुरांत गेलो. ज्यांच्या घरी भजन होतं त्या काकू हळूच म्हणाल्या, "पोरींनो, यंदा आपली पेटी घ्याच जी!"

घ्या म्हणणं सोपं. ही आमची दुसरी खेप होती. सहा वर्षांपूर्वी मंडळाने मोठ्या शहरातल्या एका दुकानातून पेटी आणली होती. चकचकीत पॉलिश, पुढे नऊ बटणं, वर नक्षी. बघताक्षणी सगळ्या हरखून गेल्या. दोन पावसाळ्यांत तिच्या पट्ट्या फुगून एकमेकींना घासू लागल्या, आणि कुणी हात न लावताही एक सूर आपोआप रडू लागला. दुरुस्तीवाल्याने मान हलवली. नऊशे रुपयांना ती विकली, तेव्हा एकजण काही बोलली नाही, नुसती उठून गेली. विड्या वळून तिने वर्गणी भरली होती.

म्हणून या वेळी दरमहा पन्नास रुपये काढून दीड वर्षात चौदा हजार चारशे रुपये जमले, तेव्हा ते खर्च करायला कुणाचा हात धजेना. शेवटी गावातल्या एका निवृत्त संगीत शिक्षकांना गाठलं. त्यांनी जे शिकवलं तेच इथे सांगते. पेटी घरी मुलांसाठी घ्यायची असो की मंडळासाठी, उपयोगी पडेल.

आधी आपली पट्टी ओळखा

गुरुजींचा पहिला प्रश्न होता, "तुम्ही गाता कोणत्या पट्टीत?" आम्ही एकमेकींच्या तोंडाकडे बघत राहिलो. पुरुषांच्या मंडळाचे पेटीवाले नेहमी काळी एकवर सा धरायचे, म्हणून आम्हीही त्यातच गायचो. खालचे सूर घशातच विरायचे. वाटायचं, आपलाच आवाज बसका.

पेटीवर ज्या पट्टीला आपण सा मानतो ती आपली पट्टी. साधारणपणे पुरुष काळी एक ते काळी दोनच्या आसपास गातात, आणि बायका पांढरी पाच ते काळी पाचच्या दरम्यान. गुरुजींनी काळी चारवर सा धरला आणि तोच अभंग म्हणायला लावला. काय सांगू बायांनो, आवाज खोलीभर झाला! इतकी वर्षं चूक पट्टीची होती, दोष आम्ही गळ्याला देत होतो.

पट्ट्या किती असाव्यात?

बाजारात मुख्यतः ३७, ३९ आणि ४२ पट्ट्यांच्या पेट्या मिळतात. ३७ म्हणजे तीन पूर्ण सप्तकं. ३९ मध्ये वरच्या टोकाला दोन पट्ट्या जास्त, आणि ४२ म्हणजे साडेतीन सप्तकं. काळी चारचा सा मधल्या सप्तकात धरला, तर ३७ पट्ट्यांच्या पेटीवर वर तार सप्तकाच्या शुद्ध गंधारापर्यंतच जाता येतं. ३९ वर मध्यमही मिळतो. ४२ वर थेट धैवतापर्यंत.

साध्या भजनाला, आरतीला, प्रार्थनेला तार मध्यमापर्यंत पुरतं. तेव्हा बायकांच्या मंडळाला ३९ पट्ट्या बेताच्या किमतीत चांगल्या. घरातली मुलगी रीतसर शास्त्रीय शिकणार असेल, तर मात्र ४२ चा विचार करा.

रीड एकेरी की दुहेरी?

पेटीचा जीव रीडमध्ये. पितळेच्या छोट्या पट्टीवर पितळेचीच एक पातळ जीभ एका टोकाला पक्की केलेली असते. भात्यातली हवा तिच्या फटीतून जाते, जीभ थरथरते आणि सूर निघतो. लांब जीभ खर्जाचा सूर देते, आखूड जीभ वरचा.

आपलं भंडारा पितळी भांड्यांसाठी नावाजलेलं. गुंड घेताना आपण बोटाच्या पेराने ठोकून बघतोच ना? चीर असली की आवाज बद्द येतो. तोच कान इथे वापरायचा.

एकेरी रीडच्या पेटीत प्रत्येक पट्टीला एकच सूर असतो. एकटीने रियाज करायला ती पुरते, पण टाळ-ढोलकीत तिचा आवाज बुडतो. दुहेरीत दोन रीड एकदम बोलतात. एक खालच्या सप्तकातला खर्ज, दुसरा मधल्या सप्तकातला, ज्याला कारागीर नर म्हणतात. खर्ज-नराची जोडी भजनाला भरदार वाटते. तीन रीडची पेटी आणखी घुमते, पण किंमत वाढते, वजन वाढतं आणि हवाही जास्त लागते. दुहेरीवर थांबा.

बटणं, कपलर आणि स्केल चेंजर

पुढच्या बटणांना भुलू नका. त्यांतली काही हवेची वाट उघडतात, काही एकच सूर सतत धरून ठेवतात, आणि काही तर नुसती शोभेची असतात! प्रत्येक बटण ओढून विचारा, "याने काय होतं?" दोन रीडच्या पेटीला ती दोन वाटा उघडणारी बटणं आणि एक-दोन धरसुराची एवढी पुरतात.

कपलर म्हणजे एक पट्टी दाबली की शेजारच्या सप्तकातली तीच पट्टी आपोआप दबते. आवाज वाढतो हे खरं, पण पट्ट्या जड लागतात, आणि स्वस्त पेटीत आतल्या तारा लवकर वाकड्या होतात. आम्ही तो वगळला.

स्केल चेंजरमध्ये पट्ट्यांची सगळी चौकटच सरकते. बोटं नेहमीच्या जागी ठेवून सा हवा तिथे नेता येतो. ज्या घरी निरनिराळ्या गळ्यांचे गाणारे येतात तिथे सोय आहे. पण किंमत फार चढते आणि यंत्रणा नाजूक. गुरुजी म्हणाले, "त्या पैशांत तुमच्यातल्या दोघीजणी काळी चारची बोटं शिकतील." हिशेब पटला.

लाकूड आणि भाता

आपला जिल्हा भाताचा आणि तळ्यांचा. पावसाळ्यात भिंतींनाही ओल येते आणि वैशाखात अंगण तडकतं. कच्चं लाकूड हे दोन्ही सोसत नाही. आमची पहिली पेटी बुडाली ती इथेच. चांगलं मुरलेलं सागवान असेल तर उत्तम. पॉलिशखाली काय आहे ते कळत नाही, म्हणून वरची झाकणाची फळी काढून आतलं लाकूड बघायला मागा. दुकानदार नाही म्हणाला तर सरळ उठा.

दुकानात करायची तपासणी

हा भाग कात्रण काढून पर्समध्ये ठेवा.

सगळी बटणं बंद करून भाता मारा आणि हाताचा रेटा ठेवा. भाता ताठ राहिला पाहिजे. भस्सकन मिटला तर हवा गळते आहे.

बटणं उघडा, भाता मारा, पण एकही पट्टी दाबू नका. कुठलाही सूर वाजता कामा नये. वाजला तर ती पेटी रडणार हे नक्की.

हवा अगदी हळू द्या आणि पहिल्या पट्टीपासून शेवटच्या पट्टीपर्यंत एकेक दाबा. जो सूर उशिरा उठतो तो पुढे त्रास देतो.

खालचा सा आणि वरचा सा एकदम वाजवा. दोन्ही मिळून एक झाले पाहिजेत. आवाज लाटेसारखा हेलकावला तर सूर जुळलेले नाहीत. हल्ली मोबाईलमध्ये तानपुरा मिळतो. त्याच्या सा शी पेटीचा सा ताडून बघा.

पट्ट्या एका रेषेत हव्यात, बाजूने हलवल्यास खडखडू नयेत.

शेवटी पेटी स्वतः उचलून बघा. घरोघर नेणार कोण? आपणच!

जुनी पेटी मिळत असेल तर जरूर बघा. जुन्या जर्मन किंवा पॅरिस रीडच्या पेट्यांना जाणकार अजून मान देतात. मात्र रीड उघडून पाहा. सूर चढवायला जिभेचं टोक घासतात, उतरवायला मुळाशी घासतात. फार घासलेली जीभ पातळ होते आणि एक दिवस तुटते.

घरी आणल्यावर

पेटी जमिनीवर ठेवू नका, स्वयंपाकघराच्या भिंतीलाही लावू नका. वाजवून झाली की भाता बंद करून कापडात गुंडाळा. उंदीर आणि झुरळं आतलं चामडं आणि बनात कुरतडतात, म्हणून झाकण असलेल्या खोक्यात ठेवा. पट्टी अडकली तर तेल अजिबात घालू नका, लाकूड आणखी फुगतं. आणि महिनोन्‌महिने बंद ठेवू नका. आठवड्यातून एकदा तरी सगळे सूर वाजवा.

पेटी ही मूळची परदेशी, १८४० च्या सुमारास पॅरिसमध्ये घडलेली पायपेटी. हाताने वाजवायची सुटसुटीत पेटी कोलकात्यात द्वारकानाथ घोष यांनी रूढ केली. तिच्यावर मींड निघत नाही म्हणून आकाशवाणीने १९४० मध्ये तिला बंदी घातली, ती १९७१ मध्ये सैल झाली. पण त्या सगळ्या काळात खेड्यापाड्यांतली भजनं आणि आपल्या झाडीपट्टीतली नाटकं पेटीवाचून अडली असती.

आम्ही काय घेतलं? ३९ पट्ट्यांची, खर्ज-नर दुहेरी रीडची, कपलर नसलेली, नक्षीही नसलेली साधी सागवानी पेटी. साडेअकरा हजारांना पडली. उरलेल्यात लाकडी खोकं केलं आणि दोघींना शिकवणी लावली. त्या दोघींत एक ती, विड्या वळणारी. आता काळी चार तिच्या बोटांत बसली आहे, आणि पेटीच्या खोक्याची किल्लीही तिच्याचकडे असते.

गेल्या कार्तिकात पुरुषांच्या मंडळाची पेटी दुरुस्तीला गेली आणि त्यांचे दोघेजण आमच्या दारात आले. "वहिनी, एक दिवस पेटी मिळेल का जी?" दिली. पण काकूंनी आतूनच बजावलं, "दिवेलागणीच्या आत परत आणा बरं!"