अँटिव्हायरस घेण्याआधी: घरच्या कॉम्प्युटरबद्दलचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

नवीन कॉम्प्युटर घेतला की बिल करता करता दुकानदार विचारतो, "अँटिव्हायरस कुठला टाकू?" टाकायचा की नाही, हा प्रश्न तोही विचारत नाही आणि आपणही विचारत नाही. शेजारच्यांनी सांगितलेलं नाव किंवा काउंटरवर समोर ठेवलेला डबा, यावर निर्णय होऊन जातो. वर्षभराने मुदत संपते, लाल पट्टी दिसायला लागते आणि घाबरून आपण पुन्हा पैसे भरतो.

माझं मत आधीच सांगतो. अद्ययावत विंडोज ११ असलेल्या घरच्या कॉम्प्युटरला बहुतेक कुटुंबांमध्ये विकतच्या अँटिव्हायरसची गरज नसते. काही घरांना ती असते, पण त्यामागची कारणं डब्यावर छापलेल्या कारणांपेक्षा वेगळी असतात.

"विंडोजसोबत येतं ते नावापुरतं असतं"

ही समजूत हवेतून आलेली नाही. पीसीवर पसरलेला पहिला व्हायरस 'ब्रेन' १९८६ साली लाहोरच्या दोन भावांनी लिहिला आणि तो फ्लॉपीतून जगभर गेला. त्यानंतरची कित्येक वर्षं विंडोजमध्ये व्हायरस पकडणारं स्वतःचं काही नव्हतं. कॅल्क्युलेटर दुरुस्त करणारे कैलास काटकर आणि त्यांचे धाकटे भाऊ संजय यांनी नव्वदच्या दशकात पुण्यात 'क्विक हील' उभं केलं, ते याच गरजेतून. मुंबईत 'ईस्कॅन' तयार होऊ लागलं. त्या काळात अँटिव्हायरस विकत घेणं हाच शहाणपणा होता, आणि महाराष्ट्रातल्या हजारो घरांतले, शाळांतले, डीटीपीवाल्यांचे कॉम्प्युटर या देशी कंपन्यांनी सांभाळले, हे मान्य केलंच पाहिजे.

मायक्रोसॉफ्टने २००९ मध्ये 'सिक्युरिटी इसेन्शियल्स' मोफत द्यायला सुरुवात केली, पण ते कमी पडत होतं. २०१२ च्या अखेरीस जर्मनीतल्या मॅग्डेबर्गच्या 'एव्ही-टेस्ट' या चाचणी संस्थेने त्याला प्रमाणपत्र नाकारलं. त्याच वर्षी आलेल्या विंडोज ८ पासून 'डिफेंडर' हा अँटिव्हायरस विंडोजचाच भाग झाला. लोकांच्या डोक्यात मात्र २०१२ चं प्रगतिपुस्तक अजून तसंच आहे.

मधल्या काळात बरंच बदललं. एव्ही-टेस्ट संरक्षण, कॉम्प्युटरच्या वेगावरचा परिणाम आणि वापरातली सोय या तीन विषयांत प्रत्येकी ६ गुण देते. अलीकडच्या वर्षांत डिफेंडर वारंवार १८ पैकी १८ गुण मिळवतो आहे. वरच्या फळीतल्या नावांमध्ये व्हायरस पकडण्याच्या टक्केवारीतला फरक बहुतेक वेळा दशांशाच्या घरातला असतो. त्या दशांशासाठी दरवर्षी पैसे मोजायचे का, हे ज्याने त्याने ठरवावं. मी मोजणार नाही.

डिफेंडरचीही एक दुबळी बाजू आहे आणि ती आपल्याकडच्या कित्येक घरांना थेट लागू होते. अनोळखी फाइल समोर आली की तो इंटरनेटवरून मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरला विचारतो आणि मग निकाल देतो. ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकची 'एव्ही-कम्पॅरेटिव्हज' ही संस्था इंटरनेट बंद ठेवूनही चाचणी घेते. त्या चाचणीत डिफेंडर इतर काही नावांच्या मागे पडतो. तुमचं घर गावात असेल, नेट दिवसातून दहादा जात असेल आणि फाइलींची देवाणघेवाण पेनड्राइव्हवरून होत असेल, तर चांगला विकतचा अँटिव्हायरस घ्यायला हे सबळ कारण आहे. लहान मुलांच्या वापरावर देखरेख हवी असेल किंवा अडचण आली की फोनवर मराठीत-हिंदीत बोलणारं माणूस हवं असेल, तर तेही रास्त कारण आहे. वयस्कर आईवडील एकटे राहत असतील, तर या शेवटच्या गोष्टीची किंमत मोठी असते.

"दोन टाकले की दुप्पट सुरक्षा"

नाही. दोन्ही अँटिव्हायरस प्रत्येक फाइल उघडण्याआधी अडवून तपासायला बघतात, एकमेकांच्या फाइलींनाच व्हायरस समजतात आणि कॉम्प्युटर हँग होतो. म्हणूनच दुसरा अँटिव्हायरस टाकला की डिफेंडर आपणहून बाजूला होतो आणि त्या दुसऱ्याची मुदत संपली की विंडोज डिफेंडर पुन्हा चालू करू शकतं. म्हणजे मुदत संपली म्हणून कॉम्प्युटर उघडा पडला असं सहसा होत नाही. लाल पट्टी बघून घाईने पैसे भरायचं कारण नाही.

"अँटिव्हायरस आहे ना, मग विंडोजचं अपडेट कशाला?"

सगळ्यांत महागात पडणारा गैरसमज हाच आहे.

१२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' नावाचा खंडणीखोर प्रोग्रॅम जगभर पसरला. सुमारे दीडशे देशांतले दोन लाखांहून जास्त कॉम्प्युटर त्याने कुलूपबंद केले. त्यासाठी कुणी चुकीच्या लिंकवर क्लिक करायची गरजच नव्हती. विंडोजच्या फाइल शेअरिंगमधल्या एका भोकातून तो एका कॉम्प्युटरमधून दुसऱ्यात आपोआप शिरत होता. ते भोक बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्चला, म्हणजे जवळपास दोन महिने आधीच दिलेलं होतं. ज्यांनी ते टाकलं होतं त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये वॉनाक्राय या वाटेने शिरू शकला नाही. "अपडेट केलं की स्लो होतं" म्हणून ज्यांनी अपडेट बंद करून ठेवलं होतं, त्यांच्यासाठी ती वाट उघडीच राहिली.

आज हाच प्रश्न विंडोज १० बाबत उभा आहे. त्याचं नियमित समर्थन १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलं. घरगुती वापरकर्त्यांनी नोंदणी केली तर १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळतील, अशी सोय मायक्रोसॉफ्टने जाहीर केली. गोंधळ होतो तो असा: विंडोज १० वर डिफेंडरच्या व्हायरस-याद्या ऑक्टोबर २०२८ पर्यंत ताज्या होत राहणार आहेत. त्यामुळे अँटिव्हायरस उघडून पाहिला तर सगळं हिरवंगार दिसतं आणि माणूस निश्चिंत होतो. नोंदणी केलेली नसेल तर खाली विंडोजला पडलेली भोकं मात्र कुणी बुजवत नसतं. विकतचा अँटिव्हायरसही ती बुजवू शकत नाही. कॉम्प्युटर विंडोज ११ घेत नसेल, तर अँटिव्हायरसवर खर्च करण्याऐवजी ते पैसे नव्या मशीनसाठी बाजूला ठेवा किंवा माहितगाराकडून विंडोजऐवजी लिनक्स टाकून घ्या.

"मोफत म्हणजे फुकटात सुरक्षा"

डिफेंडरचे पैसे विंडोजच्या किमतीतच आलेले असतात. बाहेरून मोफत मिळणाऱ्या अँटिव्हायरसचं गणित मात्र तपासून घ्यावं लागतं. 'अव्हास्ट' हे जगातलं अतिशय लोकप्रिय मोफत नाव. वापरणारा कोणत्या साइटवर जातो, काय शोधतो याची माहिती ही कंपनी गोळा करत होती आणि 'जंपशॉट' या आपल्या उपकंपनीमार्फत शंभरहून जास्त ग्राहकांना विकत होती. बभ्रा झाल्यावर जानेवारी २०२० मध्ये जंपशॉट बंद करण्यात आली. २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने अव्हास्टला १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. आपल्याला चोरांपासून वाचवण्यासाठी ज्याला घरात घेतलं त्यानेच आपल्या हालचाली विकाव्यात, याचा मला आजही संताप येतो. मोफत काही टाकायचंच असेल, तर टाकताना येणाऱ्या प्रत्येक खिडकीतली बारीक अक्षरं वाचा आणि "माहिती शेअर करा" या खुणा काढून टाका.

"स्क्रीनवरच आलंय की व्हायरस सापडला!"

हे जरा सावकाश बघू, कारण घरातली ज्येष्ठ मंडळी सर्वांत जास्त इथेच फसतात.

एखाद्या साइटवर सिनेमा किंवा पंचांगाची पीडीएफ शोधताना वरच्या कोपऱ्यात छोटी चौकट येते: ही साइट तुम्हाला नोटिफिकेशन दाखवू इच्छिते, 'अलाउ' की 'ब्लॉक'? घाईत अलाउ दाबलं जातं. दुसऱ्या दिवसापासून स्क्रीनच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात एखाद्या नामांकित अँटिव्हायरसचा लोगो घेऊन संदेश उगवू लागतात: "तुमची मुदत संपली", "पाच व्हायरस सापडले". हे अँटिव्हायरस बोलत नसतो. ब्राउझरमधून येणारी ती जाहिरात असते. नीट पाहिलं तर संदेशात ब्राउझरचं नाव आणि कुठल्यातरी अनोळखी साइटचा पत्ता दिसतो. ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये नोटिफिकेशनच्या परवानग्यांच्या यादीत तो पत्ता शोधून काढून टाकला की ती कटकट थांबते. फॉरमॅट मारायची गरज नसते.

याहून धोकादायक प्रकार म्हणजे पूर्ण स्क्रीन व्यापणारं पान. भोंगा वाजतो, माउस हलत नाहीसं वाटतं आणि मध्ये एक फोन नंबर असतो. मायक्रोसॉफ्टने स्पष्ट सांगितलं आहे की त्यांच्या कुठल्याही त्रुटी-संदेशात किंवा इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो. नंबर दिसला म्हणजे ते बनावट, एवढं घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा. एस्केपची कळ दाबून धरा. नाही जमलं तर कंट्रोल, आल्ट आणि डिलीट एकत्र दाबून टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करा.

"टोटल सिक्युरिटी घेतली, आता बँकेचे पैसे सुरक्षित"

वर सांगितलेल्या बनावट इशाऱ्यातल्या नंबरवर फोन केला तर पलीकडचा माणूस एनीडेस्कसारखं, दुरून कॉम्प्युटर चालवण्याचं सॉफ्टवेअर टाकायला सांगतो. ते सॉफ्टवेअर अस्सल असतं. कार्यालयांमध्ये ते रोज वापरलं जातं. म्हणून सहसा कोणताही अँटिव्हायरस त्याला अडवत नाही. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच या प्रकाराबद्दल बँकांना सावध केलं होतं. आपण स्वतः ताबा दिला, स्वतः ओटीपी सांगितला, तर डब्यावर 'टोटल' लिहिलेलं असो वा 'अल्टिमेट', ते सॉफ्टवेअर यात काही करू शकत नाही. पैसे गेलेच, तर १९३० या हेल्पलाइनवर त्याच मिनिटाला फोन करा. रक्कम पुढच्या खात्यांत पसरण्याआधी गोठवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांत सर्वाधिक असते.

"क्रॅकला तो उगाचच व्हायरस म्हणतो"

क्रॅक, म्हणजे चोरीचं विंडोज किंवा फोटोशॉप, टाकून देणारा सांगतो, "टाकताना अँटिव्हायरस बंद ठेवायचा हं, तो खोटी ओरड करतो." कधी कधी ओरड खोटी असतेही. पण पासवर्ड चोरणारे प्रोग्रॅम पसरवायला क्रॅकसारखी सोयीची जागा नाही, कारण इथे घरमालक स्वतःच राखणदाराला झोपवून दार उघडतो. दस्तऐवज आणि हिशेबासाठी लिब्रे ऑफिस मोफत आहे, कायदेशीर आहे आणि त्यात मराठी युनिकोड उत्तम चालतं.

क्रॅक टाकला नाही तरी पेनड्राइव्हवरून व्हायरस येऊ शकतो; हा अनुभव तर घरोघरी असतो. झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढायला पेनड्राइव्ह दिला आणि घरी आणून लावला, तर सगळ्या फोल्डरांच्या जागी शॉर्टकट. शॉर्टकटवर क्लिक केलं की खरं फोल्डरही उघडतं, त्यामुळे काही बिघडलंय हे लक्षात येत नाही, आणि मागे व्हायरस आपलं काम करून जातो. "सगळं उडालं, फॉरमॅट मार" असा सल्ला हमखास मिळतो. तो ऐकू नका. फाइली उडालेल्या नसतात, लपवलेल्या असतात. आधी पूर्ण स्कॅन करा, शॉर्टकट काढून टाका. मग फाइल एक्सप्लोररमध्ये लपलेल्या आणि संरक्षित अशा दोन्ही प्रकारच्या फाइली दाखवण्याचं सेटिंग चालू केलं की त्या दिसतात. 'सीईआरटी-इन' या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या 'सायबर स्वच्छता केंद्र' या साइटवर सफाईची मोफत साधनं मिळतात. त्यातली काही क्विक हील आणि ईस्कॅन यांचीच आहेत.

फाइल एक्सप्लोररमध्येच आणखी एक सेटिंग बदलून टाका. फाइलींच्या नावाचा शेवटचा भाग विंडोज लपवून ठेवतं. त्यामुळे 'वीजबिल डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई' ही फाइल 'वीजबिल डॉट पीडीएफ' दिसते. एक्सप्लोररच्या व्ह्यू मेनूत 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स'वर खूण केली की शेवटचं 'ईएक्सई' उघडं पडतं.

"लागण झालीच तर अँटिव्हायरस फाइली परत आणेल"

खंडणीखोर व्हायरसने फाइली कुलूपबंद केल्यावर अँटिव्हायरस त्या व्हायरसला काढून टाकतो, कुलूप काढू शकत नाही. लग्नाचे फोटो, मुलांच्या मार्कशीटा, सातबाराचे स्कॅन परत मिळतील ते वेगळ्या ठिकाणी ठेवलेल्या प्रतीतूनच. अँटिव्हायरसवर दोन-तीन वर्षांत जाणाऱ्या पैशांत बाहेरची हार्ड डिस्क येऊ शकते. प्रत काढून झाली की डिस्क उपसून कपाटात ठेवा. सतत जोडलेली राहिली तर व्हायरस तीही कुलूपबंद करतो. विंडोज सिक्युरिटीत 'रॅन्समवेअर प्रोटेक्शन'खाली 'कंट्रोल्ड फोल्डर अॅक्सेस' नावाची सोय आहे. अनोळखी प्रोग्रॅमला ती तुमच्या फोल्डरांना हात लावू देत नाही, पण ती मुळात बंद असते. ती चालू करा. एखादा नेहमीचा प्रोग्रॅम अडला तर त्याला यादीतून परवानगी देता येते.

मॅकला व्हायरस लागत नाही, हेही खरं नाही. २०१२ मध्ये 'फ्लॅशबॅक'ने सहा लाखांहून जास्त मॅक पछाडले होते. ॲपलचं स्वतःचं संरक्षण त्यात असतंच, फक्त मॅकओएस अद्ययावत ठेवायला हवं.

सगळा विचार करून विकतचा घ्यायचं ठरलं, तर एव्ही-टेस्ट आणि एव्ही-कम्पॅरेटिव्हज या दोन्हींच्या साइटवर ते नाव गेल्या वर्षभरात सातत्याने वर आहे का बघा, कारण एखाद्या महिन्याच्या गुणांवर भरवसा ठेवता येत नाही. पहिल्या वर्षाच्या सवलतीपेक्षा दुसऱ्या वर्षाचा दर विचारा. ऑनलाइन घेत असाल तर आपोआप नूतनीकरण बंद करून ठेवा. जुना अँटिव्हायरस काढताना आधी विंडोजच्या अॅप्सच्या यादीतून काढा. तरी अवशेष उरले, तर बहुतेक कंपन्या आपल्या साइटवर पूर्ण सफाईचं वेगळं साधन देतात, ते चालवा आणि कॉम्प्युटर रीस्टार्ट करा. त्यानंतर विंडोज सिक्युरिटी उघडून 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन'मध्ये संरक्षण नेमकं कोण करतंय, त्याचं नाव वाचून खात्री करा.