परदेशातील सायकल सफर अर्धवट सोडताना...
आजारपणात मायदेशी परतण्याचा निर्णय कधी आणि कसा घ्यावा?

अहिल्यानगर - सायकलवरून परदेश पाहून आलेल्यांचे सत्कार होतात, छायाचित्रे छापून येतात. ज्यांना निम्म्या वाटेवरून आजारी अवस्थेत विमानाने परतावे लागते, त्यांची दखल मात्र कोणी घेत नाही. वास्तविक, अशा वेळी घेतलेला निर्णय घाट चढण्याइतकाच कठीण असतो. शरीर साथ देत नसताना पुढे जाणे जसे धोक्याचे, तसेच घाईघाईने पहिले विमान पकडणेही धोक्याचे ठरू शकते.

माघारीची परंपरा जुनीच आहे. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलवरून जगप्रदक्षिणेला निघाले. सुमारे ७१ हजार किलोमीटरचा प्रवास करून १८ मार्च १९२८ रोजी मुंबईत परतले ते तिघेच - आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा. उर्वरित तिघांच्या वाटा मध्येच वेगळ्या झाल्या. पुण्याच्या वेदांगी कुलकर्णी हिने २०१८ मध्ये सुमारे २९ हजार किलोमीटरची जगफेरी १५९ दिवसांत पूर्ण केली, तेव्हा स्पेनमध्ये चाकूच्या धाकाने लुटले जाऊनही ती थांबली नाही. अशा जिद्दीचे कौतुक योग्यच आहे. तथापि, जिद्द हे औषध नव्हे, हेही ध्यानात ठेवायला हवे.

कळसूबाईपेक्षा उंच खुर्ची
विमानात बसणे म्हणजे विश्रांती, असा सर्वसाधारण समज आहे. तो पूर्णतः खरा नाही. अकोले तालुक्यातील कळसूबाई हे राज्यातील सर्वांत उंच शिखर १,६४६ मीटर, म्हणजे सुमारे ५,४०० फूट उंच आहे. विमानाच्या केबिनमधील हवेचा दाब साधारणतः सहा ते आठ हजार फूट उंचीवरील दाबाएवढा राखलेला असतो. म्हणजेच प्रवासी आठ-दहा तास कळसूबाईच्या माथ्याहूनही उंच जागी बसलेला असतो. निरोगी माणसाच्या रक्तातील प्राणवायूचे प्रमाण तेथे काही टक्क्यांनी घटते. त्याला ते जाणवतही नाही. न्यूमोनिया, दमा, हृदयविकार किंवा तीव्र रक्तक्षय असलेल्याला मात्र हीच घट भारी पडू शकते.

दाब कमी झाला, की शरीरात अडकलेली हवा सुमारे तीस टक्क्यांपर्यंत प्रसरण पावते. सायकलवरून पडून बरगडी मोडली आणि फुफ्फुसाभोवती हवा साठली असेल, तर ती पूर्ण निघून गेल्याची एक्स-रेने खात्री झाल्यावरही किमान आठवडा-दोन आठवडे थांबावे लागते. हाताला वा पायाला नुकतेच प्लास्टर घातले असल्यास आत सूज वाढून रक्तप्रवाह अडू शकतो. त्यामुळे पहिल्या ४८ तासांत लांबचा विमानप्रवास करायचाच झाला, तर प्लास्टर उभे चिरून घ्यावे लागते.

ताप उतरला म्हणजे बरे झाले?
आग्नेय आशियात सायकल चालविणाऱ्यांना डेंगीची भीती असते. या आजाराचा फसवा भाग असा, की ताप उतरू लागतो त्याच सुमारास, साधारणतः तिसऱ्या ते सातव्या दिवसादरम्यान, धोक्याचा काळ सुरू होऊ शकतो. "आता बरे वाटते" म्हणून रुग्ण विमानात बसतो आणि आकाशात असतानाच पोटदुखी, सतत उलट्या, रक्तस्राव अशी लक्षणे उद्भवू शकतात. म्हणून ताप उतरल्यानंतरही एक-दोन दिवस डॉक्टरांच्या देखरेखीखाली काढून, रक्ततपासणी करून मगच तिकीट काढणे शहाणपणाचे. डेंगीची शंका असताना अॅस्पिरिन वा आयब्युप्रोफेन घेऊ नये.

हिमालयात किंवा पामीरच्या पठारावर त्रास झाल्यास नियम वेगळा आहे. उंचीच्या आजारावर पहिला उपाय खाली उतरणे हाच; तेथे वाट पाहण्यात अर्थ नसतो.

पोटरीतील दुखण्याकडे तर सायकलस्वार हमखास दुर्लक्ष करतो. रोज शंभर किलोमीटर पायडल मारणाऱ्याला पाय दुखणे नित्याचे वाटते. परंतु एकाच पोटरीला सूज, उष्णता आणि वेदना असेल, तर शिरेत रक्ताची गुठळी झालेली असू शकते. चार तासांहून अधिक विमानप्रवास, जुलाबाने झालेला पाण्याचा ऱ्हास आणि जायबंदी पाय या गोष्टी एकत्र आल्या, की हा धोका वाढतो. गुठळी फुफ्फुसात गेल्यास ती जीवघेणी ठरते. अशी शंका आल्यास विमानतळाऐवजी रुग्णालय गाठावे.

विमा आणि कागदपत्रे
नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल, प्राणवायू किंवा स्ट्रेचर लागणार असेल, तर विमान कंपनी 'मेडिफ' नावाचा अर्ज उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून भरून मागते. प्रकृती ठीक दिसत नसल्यास विमानात प्रवेश नाकारण्याचा अधिकार कंपनीला असतो. तेव्हा आजार लपविण्यापेक्षा आधीच कळविलेले बरे. व्हीलचेअरची मागणीही दोन दिवस अगोदर नोंदवावी.

प्रवास विम्यात रुग्णालयाचा खर्च, वैद्यकीय स्थलांतर आणि सफर अर्धवट सोडल्याची भरपाई ही तीन स्वतंत्र कलमे असतात. पहिले आहे म्हणजे तिसरेही आहे, असे गृहीत धरू नये. लांब पल्ल्याची किंवा उंच प्रदेशातील सायकल सफर काही पॉलिसींत साहसी क्रीडाप्रकार म्हणून वगळलेली असते. परतण्याचे तिकीट काढण्यापूर्वी विमा कंपनीच्या मदत क्रमांकावर कळवावे आणि "पुढील प्रवास करू नये" असा डॉक्टरांचा लेखी सल्ला घ्यावा. दावा बहुधा याच कागदावर टिकतो किंवा फेटाळला जातो.

भारतीय दूतावास रुग्णालय सुचविणे, नातेवाइकांशी संपर्क साधणे, हरवलेल्या पासपोर्टऐवजी तातडीचा दाखला देणे अशी मदत करतो. २००९ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय समुदाय कल्याण निधीतून गरजूंना साह्य मिळू शकते. मात्र तो विम्याला पर्याय नव्हे.

सायकलचे काय?
आजारी माणसाने सायकलचे खोके उचलू नये. सायकलच्या दुकानातून पुठ्ठ्याचे खोके मिळते. पायडल काढून, हँडल वळवून, चाकांतील हवा थोडी कमी करून सायकल त्यात बसते. ते जमणारे नसेल, तर सायकल तेथेच ओळखीच्यांकडे ठेवून यावी. विजेवर चालणाऱ्या सायकलची बॅटरी बहुधा १६० वॉट-अवरपेक्षा मोठी असते आणि ती प्रवासी विमानात नेता येत नाही.

शेवटचा टप्पाही विचारात घ्यावा. परदेशातून येणारे जिल्ह्यातील बहुतेक प्रवासी मुंबईत उतरतात आणि तेथून नगरपर्यंत मोटारीने आणखी पाच-सहा तास लागतात. अशक्त रुग्णाने मुंबईत किंवा पुण्यात तपासणी व मुक्काम करून मग निघावे. कोपरगाव तालुक्यातील काकडी येथे २०१७ मध्ये सुरू झालेले शिर्डी विमानतळ उत्तरेकडील तालुक्यांना जवळचे असले, तरी परदेशातून येणाऱ्याला वाटेत विमान बदलावे लागते.

हे विसरू नका
- घरी पोचल्यावर काही आठवड्यांत, अगदी काही महिन्यांनीही ताप आल्यास कोणकोणत्या देशांत गेलो होतो, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. मलेरिया उशिरा डोके वर काढू शकतो.
- पीतज्वराचा प्रादुर्भाव असलेल्या आफ्रिकी वा दक्षिण अमेरिकी देशातून येत असल्यास लसीचे प्रमाणपत्र जवळ ठेवा; नसल्यास सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावे लागू शकते.
- तपासण्यांचे अहवाल, औषधांच्या चिठ्ठ्या, मूळ बिले आणि बोर्डिंग पास हातातील पिशवीत ठेवा.
- निघण्यापूर्वीच "अमुक झाले तर परतायचे" हे घरच्यांशी बोलून ठरवा. तापात घेतलेला निर्णय बहुधा चुकतो. रस्ता कोठे जात नाही. प्रकृती सुधारल्यावर सफर जेथे थांबली, तेथूनच पुन्हा सुरू करता येते.