छोट्या मोटारीचा श्वास : ‘एअर इनटेक’ निवडण्यापूर्वी

छोटी मोटार घेऊन वर्ष-दीड वर्ष लोटले, की तिच्यात काहीतरी उणे भासू लागते. घाटातल्या चढावर वारंवार गिअर खाली घ्यावा लागतो, ए.सी. चालू असताना पुढचा ट्रक ओलांडायचा तर दोनदा विचार करावा लागतो. अशा वेळी ॲक्सेसरीजच्या दुकानात हमखास सुचवला जाणारा उपाय म्हणजे कंपनीचा एअर फिल्टरचा डबा काढून बाजारातील ‘एअर इनटेक’ बसवणे. चकचकीत नळी, तिच्या टोकाला लाल वा निळा शंकूच्या आकाराचा फिल्टर आणि सोबत ‘पिकअपही वाढेल, ॲव्हरेजही वाढेल’ असे आश्वासन. या आश्वासनात तथ्य किती आणि निवड करायचीच झाली तर ती कोणत्या निकषांवर करावी, हे जाणून घेण्यासाठी इंजिनाच्या श्वासाचा हिशेब आधी समजून घ्यायला हवा.

हवेचा हिशेब

एक किलो पेट्रोल पूर्णपणे जळण्यासाठी सुमारे १४.७ किलो हवा लागते. घनफळाच्या भाषेत बोलायचे, तर एक लिटर पेट्रोलमागे इंजिन नऊ हजार लिटरहून अधिक हवा ओढून घेते. लिटरला २० किलोमीटर धावणारी मोटार वर्षाला १० हजार किलोमीटर चालली, तर तिच्या इंजिनातून ४५ लाख लिटरहून अधिक हवा जाते. ही सारी हवा त्या एका फिल्टरमधून गाळली जाते.

आता ताकदीचा प्रश्न. १.२ लिटरचे चार स्ट्रोकचे इंजिन दर दोन फेऱ्यांत एकदा आपल्या क्षमतेइतकी हवा आत घेते. मिनिटाला सहा हजार फेरे होत असताना ही हवा फार तर ३,६०० लिटर भरते. फिल्टर, डबा आणि नळी यांतून जाताना हवेचा दाब थोडा घटतो. हा तोटा कमी केला, की ताकद वाढते, हे खरे आहे. परंतु किती? वातावरणाचा दाब सुमारे १०० किलोपास्कल असतो. तोटा एका किलोपास्कलने घटवता आला, तर ताकद साधारण एक टक्क्याने वाढेल. ८० अश्वशक्तीच्या इंजिनात ही वाढ एका अश्वशक्तीपेक्षाही कमी ठरते. शिवाय ती मिळते पाय ॲक्सिलरेटरवर पूर्ण दाबलेला असताना, वरच्या फेऱ्यांत. शहरात चालवताना थ्रॉटलची झडप बहुतांश मिटलेलीच असते. हवेला खरा अडथळा त्या झडपेचा असतो. फिल्टरचा अडथळा तिच्यापुढे नगण्य.

ॲव्हरेजच्या दाव्याचेही तेच. अमेरिकेतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ मध्ये मुद्दाम तुंबवलेले फिल्टर बसवून मोटारी तपासल्या. संगणकाद्वारे इंधन नियंत्रित करणाऱ्या आधुनिक मोटारींत फिल्टर तुंबल्यामुळे इंधनाचा खप लक्षणीय वाढला नाही. घटला तो वेग घेण्याचा जोम. तुंबलेल्या फिल्टरनेही ज्या मोटारीचा खप वाढत नाही, तिचा खप अधिक मोकळ्या फिल्टरने कमी होईल, ही अपेक्षा व्यर्थ होय. कार्बोरेटरच्या जमान्यातील अनुभव येथे लागू पडत नाही.

थंड हवेचे महत्त्व

हवा जितकी थंड तितकी ती दाट, आणि दाट हवेत प्राणवायू अधिक. आत येणाऱ्या हवेचे तापमान दहा अंशांनी वाढले, की तिची घनता सुमारे तीन टक्क्यांनी उतरते. बॉनेटखाली उघडा शंकू बसवला, की तो रेडिएटर आणि इंजिनाभोवतीची तापलेली हवा ओढतो. मे महिन्यात, सिग्नलला थांबलेल्या मोटारीत, ही हवा बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी अंशांनी अधिक गरम असते. अडथळा कमी करून मिळवलेला एक टक्का असा उष्णतेपायी गमावला जातो आणि वर तोटाच पदरी पडतो.

गंमत अशी, की ज्याला निरुपयोगी समजून काढून टाकले जाते त्या कंपनीच्या डब्याची नळी बहुतेक मोटारींत पुढच्या जाळीमागून अथवा चाकावरच्या पत्र्याच्या आतून, म्हणजे बाहेरची थंड हवाच घेते. नळीला जोडलेला रिकामा डबाही अकारण नसतो. हवेच्या ठोक्यांचा आवाज मंदावण्यासाठी तो असतो. तो काढला, की घरघर वाढते आणि आवाज वाढला म्हणजे ताकद वाढली, असा कानांचा समज होतो. आवाज आवडणे हा गुन्हा नव्हे. मात्र आपण पैसे आवाजासाठी मोजतो आहोत की ताकदीसाठी, हे स्वतःशी स्पष्ट असावे.

सीएनजीवर चालणाऱ्या मोटारींबाबत एक गोष्ट ध्यानात ठेवावी. हवेबरोबर आत जाणारा वायू मिश्रणाची सुमारे नऊ ते दहा टक्के जागा स्वतःच व्यापतो. गॅसवर मोटार मंद वाटते याचे हे एक मुख्य कारण, आणि फिल्टर बदलून ते दूर होत नाही.

धूळ आणि पाणी

फिल्टरचे पहिले काम हवा सोडणे नव्हे, धूळ अडवणे होय. रस्त्यावरच्या धुळीत वाळूचे बारीक कण असतात. सिलिंडरची भिंत आणि पिस्टन रिंग यांच्यामध्ये ते सापडले, की पॉलिश पेपरसारखे काम करतात. परिणाम एका दिवसात दिसत नाही. काही वर्षांनी मोटार ऑइल खाऊ लागते, धूर दिसतो, आणि मग इंजिनाचे काम काढावे लागते. मराठवाड्यातील वा विदर्भातील मातीच्या रस्त्यांवर, महामार्गाच्या रुंदीकरणाच्या कामांतून रोज जाणाऱ्यांना हा धोका अधिक.

कागदी फिल्टर हे काम चोख करतो. तेल लावलेल्या सुती जाळीचे फिल्टर धुऊन पुन्हा वापरता येतात, हा त्यांचा गुण. परंतु धुऊन पूर्ण वाळवणे आणि नेमके तेल लावणे यांत कसूर झाली, की कमी तेलाने धूळ आत जाते आणि जास्त तेल हवेच्या प्रवाहाचे मापन करणाऱ्या सेन्सरच्या तारेवर बसून त्याचे मोजमाप बिघडवू शकते. फिल्टर कितपत धूळ अडवतो हे तपासण्याची ‘आयएसओ ५०११’ ही आंतरराष्ट्रीय पद्धत आहे. खोक्यावर वा माहितीपत्रकात या चाचणीचे आकडे नसतील, तर नुसत्या ‘अधिक हवा’ या शब्दांवर विसंबू नये.

दुसरा शत्रू पाणी. गरम हवेवर तोडगा म्हणून काही इनटेकची नळी बंपरच्या मागे, अगदी खाली नेलेली असते. कोरड्या प्रदेशात हे ठीक. परंतु २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मुंबईतील किती मोटारी पाण्यात गेल्या हे वाचकांना आठवत असेलच. पाणी दाबले जात नाही. ते सिलिंडरमध्ये शिरले, की वर येणारा पिस्टन जागीच अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. साध्या विम्यात असे नुकसान बहुधा नाकारले जाते. त्यासाठी इंजिन संरक्षणाची वेगळी पुरवणी घ्यावी लागते.

कायद्याची बाजू

मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ वाहनाच्या मूळ रचनेतील बदलांवर बंधन घालते आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये या कलमाचा कडक अर्थ लावला. त्याच वर्षी झालेल्या दुरुस्तीनुसार, परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. मूळ डब्यात त्याच मापाचा फिल्टर घालणे आणि डबाच काढून टाकणे यांतला फरक म्हणूनच महत्त्वाचा. वॉरंटीत असलेल्या मोटारीचा मालक तर एका नळीपायी इंजिनाचा दावा धोक्यात घालतो.

निवड कशी करावी?

पहिली पायरी सर्वांत स्वस्त : जुना फिल्टर काढून पाहावा. तो तुंबला असेल, तर कंपनीचा नवा कागदी फिल्टर घालावा. पुष्कळदा हरवलेला जोम तेवढ्याने परत येतो. धुळीच्या भागात तो पुस्तिकेतील मुदतीच्या आधीच बदलावा.

त्यापुढे जायचे असेल, तर मूळ डब्यात नेमका बसणारा, चाचणीचे आकडे देणारा फिल्टर निवडावा. कडेच्या रबराला कुठेही फट राहता कामा नये. फटीतून जाणारी हवा गाळली जात नाही. पूर्ण इनटेकच हवा असेल, तर बंद डब्याचा, बाहेरची हवा घेणारा, तोंड मूळ नळीच्या उंचीवरच ठेवणारा घ्यावा. उघडा शंकू आणि बंपरखालची नळी, दोन्ही टाळावेत.

बसवल्यावर पारख करावी. मोटारीच्या ओबीडी सॉकेटला जोडायचे छोटे यंत्र मोबाइलवर आत येणाऱ्या हवेचे तापमान दाखवते. बदलापूर्वी आणि बदलानंतर, त्याच वेळी, त्याच रस्त्यावर ते नोंदवावे. तापमान वाढलेले दिसले, तर आवाज कितीही मर्दानी असो, ती नळी उतरवून मूळ डबा परत बसवावा. त्यासाठी तो पहिल्याच दिवशी भंगारात न देता जपून ठेवलेला बरा.