विश्लेषण : गाडीतील सबवूफरचा ‘बास’ का पडतो? खोक्यातून होणारी हवेची गळती कशी शोधायची, कशी बुजवायची?

गाडीच्या डिकीत हौसेने बसवलेल्या सबवूफरचा आवाज काही महिन्यांनी पोकळ वाटू लागतो. गाण्यात ढोल वाजला की कुठून तरी ‘फुस्स’ असा आवाज येतो. अशा वेळी अनेक जण ॲम्प्लिफायरचा गेन वाढवतात किंवा जास्त वॉटचा नवा ॲम्प्लिफायर घेतात. पण दोष खोक्याच्या एखाद्या बारीक फटीत असू शकतो आणि तो कमी खर्चात घरीच दूर करता येतो.

खोके हवाबंद का लागते?

सबवूफरचा कोन पुढे सरकतो तेव्हा समोरची हवा दाबली जाते आणि मागची विरळ होते. या दोन उलट लहरी एकत्र आल्या तर एकमेकींना मारतात. खोके त्यांना वेगळे ठेवते. शिवाय बंद खोक्यातील हवा स्प्रिंगसारखी काम करून कोनला आवरते. याच तत्त्वावर अमेरिकेतील एडगर विल्चर यांनी १९५४ मध्ये ‘एआर-१’ हा स्पीकर आणला होता. फट पडली की ही स्प्रिंग सैल होते. कोन जास्त हलतो, बास मात्र घटतो. त्यात गेन वाढवला तर व्हॉइस कॉइल जळण्याचा धोका असतो.

गळती कुठे होते?

फळ्यांचे सांधे, वायर जोडायची टर्मिनल प्लेट, स्क्रूची भोके आणि स्पीकरच्या कडेखालील गॅस्केट या चार जागा आधी पाहाव्यात. बरीच खोकी एमडीएफची असतात. पावसाळ्यात डिकीत पाणी शिरले की एमडीएफ फुगते आणि सांधे उघडतात.

ओळखायचे कसे?

सिस्टीम बंद ठेवून दोन्ही हातांनी कोन हलकेच, सारखा दाबून सोडावा. मधली टोपी दाबू नये. हवाबंद खोक्यात कोन सावकाश परततो. झटकन परतला तर गळतीची शंका घ्यावी. पोर्ट असलेल्या खोक्यात ही चाचणी पोर्ट झाकून करावी. नंतर ३० ते ४० हर्ट्झचा टोन कमी आवाजात वाजवून पेटती अगरबत्ती सांध्यांजवळून फिरवावी. धूर जिथे थरथरतो तिथे फट असते. फोम आणि गालिच्यापासून ठिणगी दूर ठेवावी. स्पीकर काढल्यावर खोक्यात टॉर्च लावून अंधारात बाहेरून पाहिले तरी मोठ्या भेगा दिसतात.

बुजवायचे कसे?

आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढावी. वायर कोणती कुठे होती याचा फोटो काढून स्पीकर उतरवावा. आतील सांधे पुसून त्यांवर वूड ग्लू किंवा सिलिकॉन सीलंटची सलग रेघ ओढून बोटाने दाबावी. टर्मिनल प्लेटखालीही सीलंट लावावे. स्पीकरच्या कडेला मात्र फोमची गॅस्केट टेप लावावी, म्हणजे पुढे तो सहज काढता येतो. स्क्रू एका बाजूने न आवळता समोरासमोरचे थोडे-थोडे आवळावेत. जास्त जोर दिला तर एमडीएफमधील भोक सैल होते.

काय टाळावे?

आंबट वासाचे सिलिकॉन वाळताना ॲसिटिक ॲसिडची वाफ सोडते. ती बंद खोक्यात कोंडली तर स्पीकरच्या भागांना बाधू शकते. त्यामुळे किमान २४ तास आणि वास पूर्ण जाईपर्यंत स्पीकर बसवू नये. गळती शोधायला साबणाचे पाणी एमडीएफवर वापरू नये. पोर्ट म्हणजे गळती नव्हे. तो मोजून ठेवलेला असतो, म्हणून कायमचा बुजवू नये.

सगळे बसवल्यावर कोन दाबून पुन्हा तपासावे. एवढे करूनही आवाज पोकळच राहिला तर वायरची प्लस-मायनस जोडणी पाहावी. नव्या ॲम्प्लिफायरचा विचार त्यानंतरच करावा.