एका तळटिपेची गोष्ट

दिवाळी जवळ आली की निलंग्याच्या आमच्या घरी दोन गोष्टी हमखास येतात. एक, तपासायच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे आणि दुसरी, माझी भाची. गठ्ठ्यांची मला पहिल्यापासून धास्ती आहे. भाचीची धास्ती वाटावी असा प्रसंग मात्र यंदापर्यंत आला नव्हता.

भाची एल्एल.एम.ला आहे. दसऱ्याच्या सुट्टीत ती आली ती प्रबंधाचे बाड बगलेत घेऊनच. विषय होता वडिलोपार्जित मिळकतीतला मुलीचा हिस्सा. प्रबंध मराठीत लिहायची परवानगी तिने मागून घेतली होती. "मामा, तुम्ही मराठीचे प्राध्यापक. कायद्याचं मी बघते, भाषा तेवढी नजरेखालून घाला," असे म्हणून तिने बाड माझ्यापुढे ठेवले. मीही तांबडी पेन्सिल कानामागून काढली.

दुसऱ्याच पानावर मी अडलो. तिथे लिहिले होते, 'विज्ञानेश्वर मिताक्षरेत सांगतो...'

"मिताक्षरा वाचलीस?" मी विचारले.

"छे हो मामा! काण्यांच्या ग्रंथात आहे ते."

"मग काण्यांच्या ग्रंथावरून, असं लिही. ज्याच्या घरी आपण गेलोच नाही, त्याच्याकडे जेवून आलो म्हणून सांगू नये."

मास्तराला श्रोता मिळाला की तो थांबत नाही. मी तिला सांगितले की, हा विज्ञानेश्वर तसा आपला शेजारीच. अकराव्या शतकाच्या अखेरीस किंवा बाराव्याच्या आरंभी, सहाव्या विक्रमादित्याच्या राजवटीत, चालुक्यांच्या कल्याणात त्याने याज्ञवल्क्यस्मृतीवर ही टीका लिहिली. ते कल्याण म्हणजे बीदर जिल्ह्यातले आजचे बसवकल्याण. १९५६ पर्यंत आपला निलंगा तालुकाही बीदर जिल्ह्यातच होता. छापखाना नव्हता. तरी हे वचन मनूचे, हे नारदाचे, हे बृहस्पतीचे, असे नाव घेऊन विज्ञानेश्वर सांगतो. आणि महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे? ते मुंबईच्या उच्च न्यायालयात वकिली करीत. १९३० ते १९६२ या काळात त्यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाचे पाच खंड काढले आणि १९६३ साली ते भारतरत्न झाले. त्या खंडांत कित्येक पानांवर वरचा मजकूर थोडा आणि खालच्या टिपा जास्त! वाचणाऱ्याला शंका आली तर त्याने स्वतः मूळ ग्रंथ उघडून पाहावा, ही त्यामागची सोय.

"आणि मूळ न पाहिल्यानं काय होतं, तेही ऐक," मी पुढे म्हणालो. सतीच्या चालीला आधार म्हणून ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातली एक ऋचा दाखविली जात असे. मूळ ऋचेत शब्द आहे 'अग्रे', म्हणजे आधी, पुढे. आधार म्हणून दाखविलेल्या पाठात त्याचे झाले होते 'अग्नेः', म्हणजे अग्नीच्या. एका अक्षराचा फरक! मूळ संहिता उघडली तर त्या ऋचेत विधवेला जाळण्याची गोष्टच नाही.

भाचीने मुकाट्याने दुरुस्ती केली. मी समाधानाने चहा मागविला आणि पुढचे पान उलटले. तिथे एका निकालाखाली तिची तळटीप होती: 'प्रकाश विरुद्ध फुलवती, २०१५. आता ग्राह्य नाही.'

"हे काय?" मी म्हणालो. "हा निकाल तर मला पाठ आहे. बाप ९ सप्टेंबर २००५ रोजी हयात असला तरच मुलीला नव्या दुरुस्तीचा फायदा. सर्वोच्च न्यायालयानंच सांगितलंय."

"सांगितलं होतं, मामा. ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या खटल्यात त्याच न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी ते चुकीचं ठरवलं. मुलीचा हक्क जन्मानं येतो. बाप त्या दिवशी हयात असलाच पाहिजे असं नाही. २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर वाटणी झालेली नसली म्हणजे झालं."

माझ्या हातातला चहा तसाच राहिला. कारण तो निकाल मला पाठ का होता, हे त्या घरात मला आणि आईलाच ठाऊक होते.

आमची वडिलोपार्जित जमीन नऊ एकर. वडील १९९८ साली गेले. वाटणी कधी झालीच नाही. भाचीची आई म्हणजे माझी अक्का. तिचे लग्न १९९२ चे. त्यामुळे महाराष्ट्राने १९९४ साली मुलींसाठी कायदा केला तो तिला लागू झाला नाही, कारण त्यात आधी लग्न झालेल्या मुली वगळल्या होत्या. २०२१ साली सातबारावर नावे लावायची वेळ आली तेव्हा मी कायद्याची एक पुस्तिका कुणाकडून तरी मागून आणली. तिच्यात २०१५ चा तो निकाल होता. नाव, साल, पानाचा आकडा, सारे अगदी बिनचूक. मी हिशेब केला. जुन्या रीतीने आई, मी आणि वडील असे तीन भाग. वडिलांच्या तीन एकरांत पुन्हा आम्ही तिघे. अक्काला आला एक एकर. तिला मी तसेच सांगितले. ती हसली आणि म्हणाली, "एका एकरासाठी भावाशी काय भांडायचं!" दुसऱ्याच आठवड्यात तिने हक्कसोडपत्रावर सही केली.

नव्या रीतीने अक्काही जन्मापासूनची वाटेकरी. चार भाग होतात, आणि वडिलांच्या चौथ्या भागाचे पुन्हा तीन. आई तीन एकर, मी तीन एकर, अक्का तीन एकर. मी सांगितले त्या दिवशी हा निकाल लागून वर्ष होत आले होते.

मी खोटे बोललो नव्हतो. पण पुस्तिका कधीची आहे हे पाहिले नव्हते. खरे सांगायचे तर, पाहावेसे वाटले नव्हते. जो आधार आपल्या सोयीचा असतो, तो आपण दुसऱ्यांदा उघडून पाहत नाही.

भाचीला मी सगळे सांगितले. ती रागावली नाही. जरा वेळाने म्हणाली, "आमचे सर सांगतात, निकालाचा आधार म्हणजे पत्ता. (२०२०) ९ एस.सी.सी. १ म्हणजे २०२० सालचा नववा खंड, पान पहिलं. पण पत्ता बरोबर असून भागत नाही. तिथं अजून कुणी राहतं का, तेही बघावं लागतं."

आता तर पत्तेच खोटे निघू लागले आहेत, असेही तिने सांगितले. २०२३ साली न्यूयॉर्कच्या न्यायालयात दोन वकिलांनी यंत्राला विचारून निकालांचे दाखले दिले. ते निकाल कधी लागलेच नव्हते! न्यायाधीशांनी पाच हजार डॉलर दंड केला. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षापासून प्रत्येक निकालाला स्वतःचा क्रमांक द्यायला सुरुवात केली. त्यामुळे मूळ निकाल शोधून पाहणे पुष्कळ सोपे झाले आहे. कंटाळा न करता पाहिले पाहिजे, एवढेच.

त्या रात्री मी आईशी बोललो. आई एवढेच म्हणाली, "तिला आधी सांग." दुसऱ्या दिवशी अक्काला फोन केला. एक एकर नव्हे, तीन होते, हे सांगताना माझी जीभ अडखळली. पलीकडे बराच वेळ कुणी बोलले नाही. मग अक्का म्हणाली, "तवा तीन सांगितले असते, तरी कदाचित सही केलीच असती रे. पण ते मला ठरवू द्यायचं होतंस."

याला माझ्याजवळ उत्तर नव्हते.

तीन एकरांच्या बक्षीसपत्राचा मसुदा वकिलाकडून करून घेतला आहे. भाऊबीजेला अक्का येईल तेव्हा तो, आणि त्याबरोबर २०२० च्या निकालाची प्रत, दोन्ही तिच्यापुढे ठेवणार आहे. घ्यायचे की नाही, ते ती ठरवील. मसुदा भाचीने तपासला आहे. तांबडी पेन्सिल मी तिलाच देऊन टाकली.