एका घड्याळात किती घड्याळं?

समजा घरात आजोबांचं जुनं क्रोनोग्राफ आहे, म्हणजे वेळेसोबत स्टॉपवॉचही असलेलं घड्याळ. ते घेऊन तुम्ही बीडच्या बाजारात फिरलात तर एक जण म्हणेल ‘ओरिजनल’, दुसरा म्हणेल ‘डुप्लिकेट’. दोन्ही उत्तरं आपल्या कामाची नाहीत, कारण प्रश्नच ढोबळ आहे. केस, मागचं झाकण, डायल, काटे, मशीन हे सगळं सुटं होतं आणि बदलता येतं. प्रश्न प्रत्येक भागाला वेगळा विचारायचा.

सेको ६१३९ घ्या. १९६९ साली बाजारात आलेलं ऑटोमॅटिक क्रोनोग्राफ. अंतराळवीर विल्यम पोग यांनी १९७३-७४ मध्ये स्कायलॅबवर हेच मॉडेल वापरलं. त्याच्या झाकणावरच्या अनुक्रमांकाचा पहिला अंक म्हणजे वर्षाचा शेवटचा अंक, दुसरा महिन्याचा. आता पहिला अंक ९ असेल तर १९६९ की १९७९? अंक एकटा सांगत नाही. पण सुरुवातीच्या घड्याळांवर ‘वॉटर प्रूफ’ कोरलेलं असे, १९७० च्या सुमारास त्याजागी ‘वॉटर रेझिस्ट’ आलं. म्हणजे ९ सोबत ‘रेझिस्ट’ असेल तर १९६९ जवळपास बाद.

खूश झालात? थांबा. अनुक्रमांक आणि ती अक्षरं, दोन्ही एकाच झाकणावर आहेत. तुम्ही झाकणाचं वय काढलंत, घड्याळाचं नाही. झाकण फिरवून काढायला दोन मिनिटं लागतात. पुरावे दोन दिसतात, पण ते एकाच वस्तूवरचे आहेत आणि वस्तू बदलली की दोन्ही एकदम जातात. संशोधनात ही चूक फार होते. आपल्याच जिल्ह्यातल्या अंबाजोगाईशी जोडलेल्या मुकुंदराजांच्या ‘विवेकसिंधू’चं पाहा. ग्रंथात शके १११० हा काळ दिलेला आहे, पण उपलब्ध पोथ्यांची भाषा त्याहून बरीच अलीकडची वाटते, म्हणून काही अभ्यासक त्या काळाबद्दल शंका घेतात. काळ सांगणारी ओवी हे झाकण समजा. भाषा ही डायल.

तर डायलकडे वळू. ६१३९ च्या डायलच्या खालच्या कडेला बारीक अक्षरांत तिचा स्वतःचा क्रमांक असतो. तो झाकणावरच्या मॉडेल क्रमांकाशी ताडून बघा. क्रमांक नसेलच, अक्षरं जाड, रंग दाट आणि छोट्या तबकडीतल्या बारीक गोल रेघा बुजलेल्या असतील, तर डायल पुन्हा रंगवलेली असण्याचा दाट संशय घ्या. मुंबईत जुन्या सेको आणि एचएमटी घड्याळांच्या डायल रंगवून विकण्याचं काम इतकं चालतं, की परदेशी संग्राहकांनी त्याला ‘मुंबई स्पेशल’ असं नावच देऊन टाकलंय. डायल काढता आली तर मागचे दोन पाय बघा. ते कापून डायल चिकटवलेली असेल तर ती बहुधा दुसऱ्याच मशीनची. माझ्या मते हा सगळ्यात बोलका पुरावा, कारण तो कुणाला दाखवायला केलेला नसतो.

काट्यांचं लवकर आटपतं: काट्यांवरचा आणि डायलवरचा चमकणारा लेप एकाच रंगात जुना झालाय का, एवढं बघा.

पण रंगवलेली डायल म्हणजे फसवणूक असं लगेच लिहू नका. दमट हवेत डायल डागाळते, मालक घड्याळजीला म्हणतो, ‘नव्यासारखं करून द्या.’ ती दुरुस्ती झाली. तेच घड्याळ ‘अस्सल, हात न लावलेलं’ म्हणून विकलं की फसवणूक. फरक विकणाऱ्याच्या दाव्यात आहे, आणि तो भिंगातून दिसत नाही. म्हणून जुनी पावती, हमीपत्र, मनगटावर घड्याळ असलेला लग्नाचा फोटो, हे सगळं जपून ठेवा. आणि तपासणीआधी केसला पॉलिश मारू नका. कडांवरच्या खुणा गेल्या की परत येत नाहीत.

नोंद साधारण अशी करा: ‘झाकण: ऑक्टोबरपूर्वीचं, १९७१. डायल: नंतर रंगवलेली, खात्री जास्त. काटे: लेप डायलशी जुळत नाही, बहुधा बदललेले. मशीन: ६१३९, झाकणाशी सुसंगत, मूळ जोडी असल्याचा स्वतंत्र पुरावा नाही.’