नवी सुई का उडाली?

उत्तर नागपुरातल्या जरीपटका या वस्तीचे नाव मराठ्यांच्या निशाणाचे, पण घरे बहुतेक फाळणीनंतर सिंध सोडून आलेल्या कुटुंबांची. तिथे आमचे एक शिक्षक मित्र राहतात. त्यांच्या घरी लोखंडी कपाटात दीडेकशे ध्वनिमुद्रिका आहेत. नागपुरात बस्तान बसल्यावर त्यांच्या वडिलांनी एकेक करून त्या जमवल्या. मास्टर चंदर यांची सिंधी गाणी ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवर, आणि पुढच्या काळातल्या हिंदी-मराठी एल.पी. वडील आता नाहीत. आईंना डोळ्यांनी कमी दिसते, पण कान शाबूत आहेत आणि त्यांना हीच गाणी हवी असतात. त्यांतली काही सरांना दुसरीकडे कुठेच मिळाली नाहीत.

घरचा रेकॉर्ड प्लेअर १९७०च्या दशकातला. तीन वेग, जड धातूचा आर्म, आणि वर्षानुवर्षे न बदललेली सुई. आवाज खरखरू लागला तेव्हा सरांनी बरेच पैसे घालून नवे कार्ट्रिज आणले. दुकानदार म्हणाला, "सर्वांत नाजूक आहे, अवघ्या सव्वा ग्रॅम भारावर चालते, रेकॉर्ड झिजणार नाही." बसवल्यावर झाले भलतेच. जुनी सुई ज्या तबकडीवरून निमूट जात होती, तिथे नवी सुई उड्या मारू लागली. खोलीतून कोणी चालत गेले तरी उडायची. आता आर्मच बदला, असा सल्ला मिळाला. तो खर्च करण्याआधी सरांनी आम्हांला बोलावले.

स्वस्त सुई चालते आणि महाग सुई उडते, हे कसे?

आधी भागांची ओळख करून घेऊ. तबकडीच्या खाचेत जी टेकते ती सुई, म्हणजे हिऱ्याचा किंवा नीलमण्याचा अगदी बारीक कण. तो एका इवल्याशा दांडीच्या टोकाला बसवलेला असतो. दांडीचे दुसरे टोक रबराच्या तुकड्यात रुतवलेले असते, आणि तिथेच एक चिमुकले चुंबक असते. खाचेच्या नागमोडी भिंतींमुळे सुई हलते, दांडी हलते, चुंबक हलते आणि शेजारच्या वेटोळ्यात विद्युत्दाब निर्माण होतो. फॅरेडेचा नियम आपण वर्गात शिकवतो, तोच. या सगळ्या डबीला कार्ट्रिज म्हणतात, आणि तिला तबकडीवर धरून ठेवणारा लांब हात म्हणजे टोनआर्म.

आता या जोडीकडे जरा वेगळ्या नजरेने पाहा. रबर म्हणजे स्प्रिंग. तिच्यावर बसलेले कार्ट्रिज आणि आर्म म्हणजे वजन. स्प्रिंगला टांगलेले वजन खाली ओढून सोडले की ते ठरावीक वारंवारतेने वरखाली होत राहते, हा प्रयोग प्रत्येक शाळेत होतो. वजन वाढवा, हेलकावे मंदावतात. स्प्रिंग मऊ करा, तरीही मंदावतात. आणि हाताने नेमक्या त्याच वारंवारतेने झोके दिले तर वजन उधळते. यालाच अनुनाद म्हणतात. टोनआर्म आणि कार्ट्रिज यांची जोडी नेमकी अशीच आहे, फक्त हाताच्या जागी तबकडी झोके देते.

तबकडी कोणते झोके देते? दोन प्रकारचे. पहिले हवेहवेसे, म्हणजे संगीत. ते साधारण २० हर्ट्झपासून वर असते. दुसरे नकोसे. वाकलेल्या तबकडीचा उंचवटा, जमिनीवरच्या पावलांचा हादरा, हे बहुतेक सहा हर्ट्झच्या खाली असतात. जोडीची स्वतःची वारंवारता या दोहोंच्या मधल्या मोकळ्या पट्ट्यात, म्हणजे ८ ते १२ हर्ट्झच्या आसपास पडली पाहिजे. वर सरकली तर खर्जाचे सूर फुगतात. खाली सरकली तर प्रत्येक उंचवट्यावर आर्म डोलू लागतो.

गणित सोपे आहे. कार्ट्रिजच्या माहितीपत्रकात लवचिकता दिलेली असते. तिचे एकक मायक्रोमीटर प्रति मिलिन्यूटन. लवचिकता २० याचा अर्थ, साधारण एक दशांश ग्रॅम वजनाएवढ्या जोराने सुई मिलिमीटरचा पन्नासावा भाग सरकते. एकूण वस्तुमान ग्रॅममध्ये घेतले तर

वारंवारता = १५९ ÷ √(वस्तुमान × लवचिकता)

हे १५९ कुठून आले, ते दहावीच्या वरच्या मुलांना काढायला सांगा. स्प्रिंगच्या आवर्तकालाच्या सूत्रात एकके घातली की निघते.

सरांच्या नव्या कार्ट्रिजची लवचिकता ३०, वजन ६ ग्रॅम. आर्मचे वस्तुमान किती धरायचे? तो तराजूत घालून भागत नाही, कारण आर्म सरळ वरखाली होत नाही, तो खिळीभोवती फिरतो. म्हणून प्रत्येक भागाचे जडत्व अंतराच्या वर्गाने मोजावे लागते. सुईपासून खिळीपर्यंत २३ सेंटीमीटर असतील तर सुईपाशी असलेला १ ग्रॅम पूर्ण १ ग्रॅम मोजला जातो. मागच्या बाजूचे १०० ग्रॅमचे प्रतिभार-वजन खिळीपासून ४ सेंटीमीटरवर असेल तर ते १०० × (४/२३)², म्हणजे फक्त ३ ग्रॅम मोजले जाते. विद्यार्थ्यांना हे खरे वाटत नाही. मोजपट्टीच्या टोकाला एक नाणे चिकटवून ती मधल्या बोटावर हलवायला द्या, मग तेच नाणे मध्याजवळ चिकटवून द्या.

आम्ही सुटे भाग शाळेच्या तराजूत तोलले, अंतरे मोजली आणि हिशेब केला. आर्मचे परिणामी वस्तुमान २० ग्रॅमच्या आसपास आले. कार्ट्रिज धरून २६. मग १५९ ÷ √(२६ × ३०), म्हणजे ५.७ हर्ट्झ. नेमके पावलांच्या आणि वाकलेल्या तबकड्यांच्या मुलखात!

आणि वाकलेल्या तबकड्यांना नागपुरात तोटा नाही. मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो. व्हिनाइल ६०-७० अंशांना नरम पडू लागते हे खरे, पण तबकडी तिरकी टेकवून ठेवली तर त्याहून कमी तापमानातही ती स्वतःच्या वजनाने हळूहळू वाकते. सरांचे कपाट पश्चिमेच्या भिंतीला होते आणि तबकड्या तिरक्या रेललेल्या. ते कपाट त्याच संध्याकाळी आतल्या भिंतीला गेले आणि तबकड्या उभ्या, एकमेकींना टेकून ताठ बसल्या. या कामाला पैसे लागले नाहीत.

आर्म बदलायची गरज होती का? नव्हती. २६ ग्रॅमला १२ लवचिकतेचे कार्ट्रिज जोडले तर ९ हर्ट्झ येतात. झाले काम. कार्ट्रिज ज्यावर बसते ते शीर्ष १२ ग्रॅमचे होते. त्याऐवजी ७ ग्रॅमचे घेतले तर १० हर्ट्झ. उलट नाजूक कार्ट्रिज तसेच ठेवून फक्त शीर्ष हलके केले असते तर जेमतेम ६.३ला पोचलो असतो. सरांनी नाजूक कार्ट्रिज एका हलक्या आर्मवाल्या मित्राला देऊन टाकले. तिथे ते उत्तम चालते. दुकानदाराने वस्तू वाईट दिली नव्हती, जोडी चुकली होती.

माहितीपत्रक वाचताना एक खोच लक्षात ठेवा. जपानी कंपन्या लवचिकता बहुधा १०० हर्ट्झला मोजून छापतात, इतर बऱ्याच कंपन्या १० हर्ट्झला. रबर वेगाने हलवले की ताठ भासते, म्हणून जपानी आकडा लहान दिसतो. त्याला दीड ते दोनने गुणायचे. ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम९५ या मालिकेतल्या साध्या कार्ट्रिजवर ७ छापलेले असते. आपल्या हिशेबासाठी ते १० ते १४ समजायचे. सरांनी शेवटी हेच घेतले, पण त्यामागे आणखी एक कारण होते.

एल.पी. आणि ७८ फेऱ्यांची तबकडी यांच्या खाचा सारख्या नसतात. एल.पी.च्या सुईचे टोक सुमारे ०.०१८ मिलिमीटर त्रिज्येचे, तर ७८ साठी ०.०७५ मिलिमीटरच्या आसपास लागते. एल.पी.ची सुई ७८च्या रुंद खाचेत टाकली तर ती तळाशी जाऊन धूळ आणि खरखर उचलते. आमच्या मित्राच्या घरी वर्षानुवर्षे हेच चालले होते. या मालिकेत कार्ट्रिजचे धड तेच ठेवून सुई तेवढी काढून दुसरी बसवता येते, आणि ७८ साठी वेगळी सुई मिळते. तिला भार मात्र ५ ग्रॅम द्यावा लागतो. ७८च्या तबकड्या लाखेच्या, म्हणजे आपल्या पळसावर वाढणाऱ्या किड्यांच्या लाखेच्या. त्या स्पिरिटने कधीही पुसू नका. सुतार पॉलिश करताना लाख स्पिरिटमध्येच विरघळवतो, हे आठवा.

भाराबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. भार जितका कमी तितकी झीज कमी, असे वाटते. ठरवून दिलेल्यापेक्षा कमी भार दिला तर मोठ्या आवाजाच्या जागी सुई खाचेची भिंत सोडते आणि परत येऊन तिच्यावर आपटते. हिरा मऊ व्हिनाइलवर आपटला की जो ओरखडा पडतो तो कायमचा. भार मोजायला महाग काटा नको. ३० सेंटीमीटरची पातळ पट्टी मध्यावर पेन्सिलीवर तोला. २०११च्या मालिकेतले एक रुपयाचे नाणे ३.७९ ग्रॅमचे असते. मध्यापासून १० सेंटीमीटरवर सुई टेकवा, दुसऱ्या बाजूला नाण्याचा मध्य ५.३ सेंटीमीटरवर ठेवा. पट्टी समतोल राहिली तर भार २ ग्रॅम. नाणे पोलादी आहे, ते कार्ट्रिजच्या चुंबकाजवळ नेऊ नका.

राहिला कोन. मूळ तबकडी कोरणारे यंत्र सरळ रेषेत आत सरकते, आपला आर्म मात्र कंसात फिरतो. आर्म अगदी सरळ असेल आणि सुई बरोबर मध्यखिळीवरून जात असेल तर बाहेरच्या खाचेत सुमारे १८½ अंशांची आणि आतल्या खाचेत ७½ अंशांची चूक होते. म्हणून शीर्ष वाकवलेले असते आणि सुई मध्यखिळीच्या थोडी पुढे जाईल असा आर्म बसवतात. १९३८मध्ये लोफग्रेन आणि १९४१मध्ये बेअरवाल्ड यांनी याचे गणित मांडले. २३० मिलिमीटरच्या आर्मला शीर्ष २४ अंश वाकवून सुई १८ मिलिमीटर पुढे काढली की ६६ आणि १२१ मिलिमीटर त्रिज्येवर चूक शून्य होते आणि इतरत्र दोन अंशांच्या आत राहते. पुठ्ठ्याची पट्टी, टाचणी आणि कंपास घेऊन वर्गात हे काढून पाहता येते. सरांच्या यंत्रावर सुई बाराच मिलिमीटर पुढे होती. शीर्षातले स्क्रू सैल करून ती पुढे सरकवली.

आतल्या खाचांची काळजी जास्त का? फेऱ्या तितक्याच, पण परीघ लहान. बाहेर सेकंदाला ५१ सेंटीमीटर खाच सुईखालून जाते, आत फक्त २१. त्यामुळे तोच तार सूर आत निम्म्याहून कमी जागेत दाटीवाटीने कोरलेला असतो, आणि तिथे कोनाची लहानशी चूकही कानाला बोचते. गायकाचा 'स' जिथे फाटतो, ती बहुधा बाजूची शेवटची गाणी असतात.

एक खर्च मात्र टळला नाही. जुन्या कार्ट्रिजमध्ये चुंबकाऐवजी दाब दिल्यावर वीज देणारा स्फटिक होता, त्याचा दाब मोठा. चुंबकी कार्ट्रिज जेमतेम ३ ते ५ मिलिव्होल्ट देते. त्याला वेगळा पूर्ववर्धक लागतो, नाहीतर आवाज कुजबुजल्यासारखा येतो.

सगळे जुळल्यावर आम्ही सुचवले की दुर्मिळ तबकड्या आधी एकदाच वाजवून संगणकावर उतरवून घ्या. १९९० साली मुंबईत सुरू झालेली सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स हीच निगराणी करत आली आहे, आणि तिचे चिटणीस राहिलेले सुरेश चांदवणकर स्वतः टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते.

पहिली तबकडी आईंनीच निवडली, हाताने चाचपून. खरखर होती. इतकी वर्षे झिजलेल्या सुईने जे खरवडून नेले ते परत येत नाही. पण सुई उडाली नाही, आणि मधला एक अंतरा त्यांना पहिल्यांदाच शब्दन्‌शब्द कळला. तो त्यांनी सरांना सिंधीतून मराठीत सांगितला, आम्हांला समजावा म्हणून.